टमरेलभर पाण्याचा हिशेब

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बाजारपेठेत भांड्यांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांसमोर प्लास्टिकचे मग दोरीत ओवून टांगलेले असतात. खाली एकात एक घातलेल्या बादल्या, झाकणाचे निळे बॅरल, भिंतीला जेट स्प्रेच्या नळ्या, कोपऱ्यात गुडघे दुखणाऱ्यांसाठी मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची. शौचालयाचा सारा संसार इथे मिळतो. टॉयलेट पेपरचे रोल शोधायचे तर मात्र किराणा दुकानाच्या मागच्या फळीवर जावे लागते. लग्नकार्यात आणि हॉटेलांत लागणाऱ्या पेपर नॅपकिनच्या गठ्ठ्यांजवळ ते असले तर असतात.

अंकाच्या यंदाच्या विषयात, घरातल्या रोजच्या निवडींमध्ये, संपादकांनी एक प्रश्न घातला होता: पर्यावरणाला न दुखावणारा टॉयलेट पेपर कोणता घ्यावा? पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमध्ये, परदेशातल्या मराठी घरांत आणि हॉटेल चालवणाऱ्यांपुढे हा प्रश्न आज खरोखर आहे. पण तो म्हसवडभोवतीच्या दुष्काळी माणदेशात आणला की कागदाच्या आधी पाण्याशी गाठ पडते, आणि पाण्याच्या मागोमाग जमिनीखालच्या खड्ड्याशी. कागदाचा निवाडा तिथेच होतो.

वीस लिटर

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास घुटमळतो. तोही वेळेवर आणि सलग येईल याची खात्री नसते. ज्या माणगंगेच्या काठी म्हसवड वसले, ती नदी वर्षातले कितीतरी महिने वाळूचा पट्टा होऊन पडलेली असते. गावापासून जवळच, सांगली जिल्ह्याच्या हद्दीत, राजेवाडीचा ब्रिटिश काळातला तलाव आहे. दुष्काळी कामातून उभा राहिलेला हा तलाव म्हसवड तलाव म्हणूनच ओळखला जाई. अलीकडे उरमोडी योजनेचे पाणी माणमध्ये आणि टेंभू योजनेचे पाणी शेजारच्या आटपाडीत पोचले आहे. काही शिवारे हिरवी झाली आहेत. पण टँकरची आठवण इतक्या लवकर पुसली जात नाही.

टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरने पाणी द्यायचे ते माणशी दिवसाला २० लिटर, हा सरकारी हिशेब. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, धुणे आणि शौचालय असे सगळे त्यात आले. मोठ्या जनावराला एकट्याला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागते. म्हणून दुष्काळात माणदेशी माणूस आधी दावणीकडे बघतो. २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी उघडली तेव्हा हजारो जनावरे आणि त्यांच्याबरोबर त्यांची माणसेही छावणीत येऊन राहिली होती. २०१९मध्ये छावणी पुन्हा उभी करावी लागली. याच फाउंडेशनच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी १९९७मध्ये म्हसवडलाच बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली, त्यामागेही हाच प्रदेश आहे: पाण्याची खेप, मजुरी आणि जनावर यांतून हाती उरेल तेवढे साठवणाऱ्या बायका.

आता या २० लिटरांत शौचालय बसवून बघू. जुन्या पद्धतीची फ्लशची टाकी एकदा ओढली की दहा लिटर पाणी जाते. म्हणजे एका माणसाच्या दिवसाच्या पाण्यापैकी निम्मे एका खेपेला संपले. तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला मात्र दीड ते दोन लिटर पुरतात. धुवायला आणखी अर्धा ते एक लिटर. म्हणजे तीन लिटरांत काम होते. पाच माणसांच्या घरात एकीकडे नुसत्या फ्लशचे पन्नास लिटर आणि दुसरीकडे धुण्यासकट पंधरा. हा फरक एका घागरीचा नाही, दोन-तीन घागरींचा आहे, आणि त्या घागरी बहुतेक घरांत बाईच्याच डोक्यावर असतात.

धुण्याऐवजी कागद वापरला तर काय वाचले? माणशी अर्धा-एक लिटर. भांडे साफ करायला पाणी ओतावेच लागते; उलट कागदाचा गोळा पुढे ढकलायला थोडे जास्तच. दुष्काळी भागात कागदाने पाणी वाचते हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण घागरी मोजल्या की टिकत नाही. शिवाय त्या कागदाचा लगदा कुठेतरी पाण्यातच तयार झालेला असतो. ते पाणी म्हसवडचे नसले तरी कुणाचे तरी असते.

भांड्याचा उतार

शौचालय बांधताना घरमालक फरशी निवडतो, दार निवडतो, रंग निवडतो. भांडे मात्र दुकानदार दाखवील ते. चकचकीत, पसरट, शहरी थाटाचे भांडे दिसायला चांगले असते, पण त्याचा तळ सपाट असल्याने ते साफ व्हायला बादली लागते. ग्रामीण भांड्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो आणि त्याखालच्या कोंबड्यात, म्हणजे पाणी धरून वास अडवणाऱ्या वळणात, फक्त २० मिलिमीटर पाणी उभे राहते. एवढ्या थोड्या पाण्याच्या बंधामुळेच दोन लिटरांत काम भागते. आणि याच कारणाने ही रचना कागद, चिंध्या, दगड-ढेकूळ असले काही सोसत नाही. दोन लिटरांच्या धारेने कागदाचा गोळा त्या अरुंद वळणातून पुढे जाईलच असे नाही. तो तुंबतो, मग तार घालावी लागते, मग जास्त पाणी ओतावे लागते. धुण्याची सवय आणि कमी पाण्याचे भांडे हे एकमेकांसाठीच घडलेले आहेत.

भांड्याच्या पुढे एक छोटी चौकोनी पेटी असते, तिच्यातून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एका शोषखड्ड्यात जातो. एका वेळी एकच फाटा उघडा. दुसऱ्याच्या तोंडाशी वीट आणि गारा. खड्डे साधारण मीटरभर रुंद, तेवढेच किंवा थोडे जास्त खोल, मध्ये मीटरभर अंतर. विटांचे बांधकाम जाळीचे, तळ उघडा. पाणी जमिनीत मुरते, वायू मातीत जिरतो, घट्ट भाग मागे राहून कुजतो. चार-पाच वर्षांनी पहिला खड्डा भरला की पेटी उघडून वीट इकडची तिकडे करायची. वर्ष-दीड वर्ष बंद राहिलेल्या खड्ड्यात जे सापडते ते काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे सोनखत असते.

ते हातात घ्यायला लोक कचरतात. म्हणूनच फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राचे तत्कालीन पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात स्वतः खड्ड्यात उतरले आणि इतर राज्यांच्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी उतरवले. मोठ्या हुद्द्याच्या माणसांनी फावड्याने खत बाहेर काढले, हातात घेऊन दाखवले. देशाच्या स्वच्छतेच्या कामात असे प्रसंग आणखी घडायला हवेत.

खड्ड्यात कागद पडला तर? साधा टॉयलेट पेपर कुजतो, हे खरे. पण तो जागा व्यापतो, ओल धरून ठेवतो आणि खड्डा लवकर भरतो. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड यांत प्लास्टिक असते. ते वर्ष-दीड वर्षाने खत काढताना जसेच्या तसे फावड्याला लागतात. त्या खताला मग शेतकरी हात लावत नाही, आणि सगळ्या रचनेचे फळच हातचे जाते.

अप्पा, डॉक्टर आणि आबा

महाराष्ट्रात या खड्ड्यांमागे माणसांची रांग आहे. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते तेव्हा १९३२मध्ये त्यांनी भंगीकाम करू द्या म्हणून आग्रह धरला. मैला उचलण्याचे काम जन्माने कुणाच्या गळ्यात मारता येत नाही, हे त्यांना स्वतःच्या हाताने दाखवायचे होते. परवानगी मिळेना म्हणून त्यांनी अन्न कमी केले आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले.

देहूच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. सुहास मापुसकरांनी तोच धागा पुढे नेला. रोग्यांना गोळ्या देऊन भागत नाही, रोगाची वाट शौचाच्या जागेतून जाते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांचे सुरुवातीचे संडास फसले. तरी त्यांनी गाव सोडले नाही, रचना बदलली. शौचालयाला बायोगॅस जोडण्याची 'मलप्रभा' ही रचना त्यांची. २०१५मध्ये ते गेले, २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आणि मग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा. ग्रामविकास मंत्री असताना आर. आर. पाटलांनी २०००-०१मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्याचे मोठेपण त्याच्या रीतीत होते. घराघराला अनुदान वाटण्याऐवजी गावागावांत चुरस लावली. गाव झाडून, गटारे वाहती करून, संडास बांधून जे पुढे येईल त्याला बक्षीस. खराटा हातात घेऊन कीर्तनाच्या आधी गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांचे नाव त्यासाठी नेमके होते. सातारा-सांगलीत या अभियानाने गावाची भाषाच बदलली. पहाटे हागणदारीच्या वाटेवर उभे राहणारे 'गुड मॉर्निंग पथक' आले, टमरेल घेऊन परसाकडे निघालेल्यांना गुलाबाचे फूल देणे आले.

त्या पथकांच्या अतिरेकाने काही गरिबांचा अपमानही झाला, हेही नोंदवले पाहिजे. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला फूल देऊन काय होणार? पण बायकांच्या बाजूने बघितले तर या बदलाची किंमत कळते. उजाडण्याआधी किंवा अंधार पडल्यावरच जायचे, दिवसभर पोट आवरायचे, त्यासाठी पाणी कमी प्यायचे, हे माणदेशाच्या उघड्या माळरानावर कितीतरी पिढ्यांनी सोसले. २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान आले, संडासामागे १२ हजार रुपये मिळू लागले. २०१८च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये सातारा देशातला पहिल्या क्रमांकाचा जिल्हा ठरला.

पण अनुदानाने बांधलेल्या कितीतरी ठिकाणी दोन छोट्या खड्ड्यांऐवजी एक मोठी टाकी झाली. "भरायलाच नको" म्हणून आठ-दहा फूट खोल. मोठी टाकी म्हणजे भरभक्कम काम, ही गवंड्याची आणि घरमालकाची दोघांचीही समजूत. ती कधीतरी भरतेच, आणि भरली की तिच्यात कुजलेले खत नसते, ताजा मैला असतो.

वाईने काय केले

टाकी भरल्यावर काय, याचे उत्तर याच जिल्ह्यात मिळते. वाई नगरपालिकेने २०१८मध्ये अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने गावातल्या सगळ्या सेप्टिक टाक्यांचा उपसा वेळापत्रकाने सुरू केला. पूर्वीची रीत सगळीकडे होती तीच: टाकी तुंबली, अंगणात घाण आली की धावपळ करून गाडी बोलवायची. आता पाळी आली की गाडी स्वतः दारात येते. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी रिकामी होते. खर्च भागवायला स्वच्छता कर. उपसलेला गाळ दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. कृष्णाकाठच्या गावाने नदीसाठी केलेले हे काम घाटांच्या सुशोभनापेक्षा मोठे आहे. वाईबरोबर नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली.

घरात कागद की वाइप, याची निवड अशा गाडीच्या पाइपाशी येऊन पोचते. साधा टॉयलेट पेपर पाण्यात तंतू सुटून गाळात मिसळतो. वाइप, पॅड, डायपर, चिंधी पाइपाच्या तोंडाशी अडकते. आणि अडकले की कुणीतरी वाकून, हात घालून, कधी आत उतरून ते काढतो. माणसाला असे उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून ३० लाख रुपये केली. पाकिटावर पाण्यात सोडता येते असे छापलेले वाइप घरी आणताना हा माणूस डोळ्यांसमोर असायला हवा. लंडनमध्ये व्हाइटचॅपलच्या गटारात २०१७मध्ये सापडलेला चरबी आणि वाइप्सचा गोळा २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. तिथली गटारे माणसाला आत उतरता येईल एवढी मोठी आहेत. आपल्या चार इंची पाइपाचे काय होणार?

कागद कशाचा

तरीही कागद लागणारी घरे आहेत, आणि त्यांनी तो डोळसपणे घ्यावा. अमेरिकेत जोसेफ गायेटीने १८५७मध्ये सुट्या कागदांची पाकिटे विकायला काढली. सेथ व्हीलरने १८९१मध्ये टोचे पाडलेल्या रोलचे पेटंट घेतले. तेव्हापासून मऊपणाची शर्यत चालू आहे, आणि मऊपणा झाडाकडून येतो. सूचिपर्णी झाडांचे लांब तंतू कागदाला ताकद देतात, रुंद पानांच्या झाडांचे आखूड तंतू मऊपणा. एकदा वापरून सोडून देण्याच्या वस्तूसाठी कॅनडाची शेकडो वर्षांची उत्तरेकडची अरण्ये तोडली जातात, हे नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या अमेरिकी संस्थेने २०१९च्या अहवालात मांडले आणि बाजारातल्या नाममुद्रांना चक्क शाळेतल्यासारख्या श्रेणी दिल्या. वापरलेल्या कागदापासून बनवलेले रोल वर आले, नव्या लगद्याचे बहुतेक तळाला गेले.

तेव्हा पहिली पसंती पुनर्वापरातल्या कागदाला. तो थोडा करडा, थोडा खरखरीत असतो. पांढराशुभ्र करण्यासाठी बहुतेकदा क्लोरीनची संयुगे वापरतात. ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने शुभ्र केलेला किंवा मुळीच शुभ्र न केलेला कागद बरा. सुगंध आणि रंगीत नक्षी असलेला नको. त्वचेलाही नको आणि खड्ड्यातल्या जिवाणूंनाही नको. बांबूचा कागद चांगला, कारण बांबू तीन-पाच वर्षांत तयार होतो आणि तोडल्यावर पुन्हा फुटतो. मात्र तो बहुतेक चीनहून येतो, आणि पाकिटावर बांबू लिहिले म्हणजे आत बांबूच असतो असेही नाही: ब्रिटनमधल्या 'विच?' या ग्राहक संस्थेने २०२४मध्ये तपासलेल्या काही रोलमध्ये बांबू नावापुरता आणि इतर लाकूड जास्त निघाले. पेपर नॅपकिन आणि स्वयंपाकघरातले टॉवेल टॉयलेट पेपरऐवजी वापरू नयेत. ओले झाल्यावरही फाटू नयेत म्हणून त्यांत राळ घातलेली असते. आत सोडले की ते तसेच राहतात.

एक कागद मात्र सातारा-सांगलीच्या अंगणातला आहे. इथे उसाचे कारखाने आहेत आणि गाळपानंतर उरणाऱ्या चिपाडाचे, म्हणजे बगॅसचे, ढीग आहेत. ते बहुतांशी बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर वीज होते. तमिळनाडूत मात्र सरकारी कागद कारखाना कित्येक दशके चिपाडापासून कागद काढतो आहे. चिपाडाचा टिश्यूही आता देशात मिळतो. झाड न तोडता होणारा आणि समुद्र न ओलांडता येणारा हा कागद इथल्या हॉटेलवाल्यांनी आणि घरांनी आधी मागितला पाहिजे. अर्थात ऊस स्वतः पाणी किती पितो, हे माणदेशाला कुणी सांगायला नको. त्यामुळे कागदासाठी ऊस वाढावा असे कुणी म्हणणार नाही. आहे ते चिपाड वापरावे, इतकेच.

पुसण्यापुरते

कागद खरोखर कुणाला लागतो? मूळव्याधीने हैराण माणसाला, बाळंतिणीला, हात मागे न पोचणाऱ्या म्हाताऱ्याला, मधुमेहाच्या रुग्णाला, ज्याची त्वचा ओली राहिली तर चिघळते. माणदेशातही आता गुडघेदुखीमुळे कमोड येऊ लागले आहेत. कमोड बसवायचा तर ३ आणि ६ लिटरांची दोन बटणे असलेली टाकी घ्यावी. जेट स्प्रेला वरच्या टाकीचा दाब लागतो. पाण्याची पाळी चुकली की पुन्हा मगच हाती येतो, म्हणून शेजारी भरलेली बादली असावीच. अंघोळीचे आणि धुण्याचे पाणी बॅरलमध्ये साठवून शौचालयात ओतणारी घरे दुष्काळी भागात जुनी आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखे शहरांना पुष्कळ आहे.

धुवायचे पाण्याने आणि कागद फक्त टिपण्यापुरता, ही रीत धरली तर रोल कितीतरी जास्त दिवस पुरतो. टिपण्यासाठी कागदापेक्षाही बरे काय, तर जुने सुती कापड. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे किंवा धोतराचे तळहाताएवढे चौकोन कापून, कडा शिवून, प्रत्येकाचा वेगळा डबा ठेवायचा. वापरलेले वेगळ्या झाकणाच्या बादलीत, गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचे. माणदेशात उन्हाची टंचाई कधीच नसते. घरात जुलाबाचा रुग्ण असेल तेव्हा मात्र कापड बंद करून कागद घ्यावा आणि तो कागद खड्ड्यात न सोडता गुंडाळून वेगळा टाकावा. सॅनिटरी पॅडचेही तसेच. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, असे सांगत मोहीम चालवली, ती यासाठी की कचरा निवडणाऱ्या बाईने ते नकळत उघडू नये.

परदेशातल्या मराठी घरांची अडचण वेगळी. तिथे न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते, कधी गालिचा असतो, आणि पाणी सांडले की खालच्या मजल्यावर उतरते. पण कमोडच्या टाकीला येणाऱ्या नळीवर जोड देऊन हातातला स्प्रे किंवा बसण्याच्या कड्याखालची पाण्याची तोटी बसवता येते. वीज लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही. मार्च २०२०मध्ये दुकानांतल्या रोलच्या फळ्या रिकाम्या झाल्या तेव्हा अमेरिकेत अनेक बिगर-भारतीय घरांनीही या तोट्या बसवून घेतल्या. भाड्याच्या घरात परवानगी मिळत नसेल तर सिंकजवळ भरून ठेवलेला मग पुरतो, आणि टिपायला पुनर्वापरातल्या कागदाचे दोन चौकोन. पाकीट घेताना ते प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळलेले असेल तर बरे, आणि आतली पुठ्ठ्याची नळी रद्दीत द्यावी.